पेज, लसणाची मुळं आणि खाडीचा चिखल : शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नोंदी

मी रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका माध्यमिक शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक आहे. मुलं मला मामा म्हणतात. यंदा विज्ञानाच्या बाईंनी ठरवलं की आठवी-नववीचं जीवशास्त्र रेणूपासून परिसंस्थेपर्यंत हाताने करायचं, नुसत्या आकृत्या काढायच्या नाहीत. मांडामांड, खरेदी आणि धुणंपुसणं माझ्याकडे आलं. कुणी असंच काही करायला घेणार असेल तर निदान आमच्याच चुका पुन्हा करू नयेत, म्हणून माझी वही इथे उतरवतो आहे. एक आधीच सांगतो: पस्तीस मिनिटांच्या तासिकेत बसेल असा यातला जवळजवळ एकही प्रयोग निघाला नाही.

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर कपाट उघडलं. चार सूक्ष्मदर्शी, चारही जुने, आरशाचे. जूनपासून दार बंद आणि बाहेर कोकणचा पाऊस. डोळा लावला तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. एक मुलगा ओरडला, "मामा, पेशी दिसली!" ती भिंगावरची बुरशी होती.

घाण कुठल्या काचेवर आहे ते असं ओळखा. डोळा लावून ठेवा आणि नेत्रिका, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, हळूहळू गोल फिरवा. डाग तिच्याबरोबर फिरले तर घाण नेत्रिकेवर आहे. जागचे हलले नाहीत तर स्लाइड सरकवून बघा. तरीही तिथेच राहिले तर वस्तुभिंग, म्हणजे स्लाइडजवळचं भिंग.

नेत्रिका आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाने साफ झाल्या. एका ४५ एक्स वस्तुभिंगाच्या मात्र आतच बुरशी होती, आणि तिथे मी नसता शहाणपणा केला. आटा फिरवून भिंग उघडलं. आत चिमुकल्या काचा, कड्या आणि एक स्प्रिंग. काचा लख्ख पुसल्या, पण कुठली कुठल्या क्रमाने आणि कुठली बाजू वर, हे टिपलंच नव्हतं. परत बसवल्यावर सगळं दुधाळ. दोन तास गेले, भिंग गेलं, नव्याचे ६५० रुपये गेले. उघडायचंच असेल तर प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. खरं तर उघडूच नका.

आरशांचा पारा उडाला होता. त्यांच्या जागी चार्जिंगच्या लहान बॅटऱ्या ठेवल्या आणि वर बटर पेपरचा तुकडा. उजेड आरशापेक्षा बरा पडतो, आणि ढग आले म्हणून तास बुडत नाही. पुढच्या पावसाळ्यासाठी कपाटात झिरोचा बल्ब लावून टाकला. तो चार महिने जळू दे, त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते.

जाता जाता मुळांसाठी सहा कांदे पाण्याच्या ग्लासांवर ठेवले.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

२० तारखेला विधानसभेचं मतदान होतं आणि शाळेत मतदान केंद्र. सोमवारी वर्गांतली बाकं आणून प्रयोगशाळेत छतापर्यंत रचली, ती आज निघाली. मागे माझे सहा कांदे. दार उघडल्यावर आधी वास आला. बुडं काळी, पाणी गढूळ, मुळं शून्य. सगळे उकिरड्यावर.

२४ नोव्हेंबर, रविवार

बाटल्या मांडल्या. शेवटचा प्रयोग आजच सुरू करावा लागतो, कारण त्याला दोन-अडीच महिने लागतात. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात काढलेली युक्ती आहे: चिखल, पाणी आणि थोडं खाद्य एका उभ्या काचपात्रात भरायचं आणि उजेडात ठेवून द्यायचं. चिखलातले सूक्ष्मजीव आपापल्या सोयीच्या थरात जाऊन बसतात आणि थरांना रंग येतात.

आम्ही कोल्ड्रिंकच्या तीन बाटल्या घेतल्या. खाडीतला काळा चिखल दोन बादल्या आणला. त्यात वर्तमानपत्राचे बारीक कपटे (सेल्युलोज), उकडलेल्या अंड्याचा बलक (गंधक) आणि कुटलेलं अंड्याचं टरफल (कॅल्शियम कार्बोनेट) कालवलं. चिखलातले शंख, काड्या, पानं आधी निवडून काढा, नाहीतर थरात पोकळ्या राहतात. बाटली क्रमांक १ झाकण घट्ट लावून खिडकीत. क्रमांक २ कपाटात. क्रमांक ३ झाकण सैल ठेवून उत्तरेच्या खिडकीत, जिथे उजेड भरपूर पण थेट ऊन नाही. खर्च २१ रुपये, तोही अंड्यांचाच.

२७ ते ३० नोव्हेंबर

रेणूंपासून सुरुवात. स्टार्च, आणि तो तोडणारं लाळेतलं विकर. मुलांच्या ओळखीचा स्टार्च म्हणजे पेज, म्हणून पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडून पेज घेतली. आयोडीनऐवजी औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून वापरलं. पेजेत थेंब टाकला की निळा-काळा रंग लगेच येतो.

बुधवारी साफ फसलं. परीक्षानळीत पेज, वर लाळ, आणि दर दोन मिनिटांनी एक थेंब पांढऱ्या टाइलवर आयोडीनशी. वीस मिनिटं झाली तरी निळाच. मुलं कंटाळली. बाईंनी नळीला हात लावला आणि हसल्या. पेज चुलीवरून उतरवून थेट आणली होती. हाताला चटका बसेल इतक्या गरम पेजेत लाळेतलं विकर टिकतच नाही, त्या प्रथिनाची घडीच मोडते. आम्ही विकराला आधी शिजवलं आणि मग त्याच्याकडून काम मागितलं.

गुरुवारी पेज थंड केली, तरी पंधरा मिनिटांत रंग फक्त जरा फिका. या वेळी पेज घट्ट होती. एवढासा थुंका आणि समोर वाटीभर स्टार्च.

शनिवारी जमलं. एक चमचा पेज ग्लासभर पाण्यात, नळ्या कोमट पाण्याच्या डब्यात. डब्यातल्या पाण्याचं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखलं, पाणी निवलं की थर्मासमधलं थोडं घालायचं. सहाव्या मिनिटाला टाइलवरचा थेंब जांभळट, आठव्याला तपकिरी, दहाव्याला आयोडीनचा स्वतःचा पिवळा रंग. शेजारी लाळेऐवजी पाणी घातलेली नळी, ती शेवटपर्यंत निळी. ही दुसरी नळी कधीही वगळू नका. ती नसेल तर आयोडीनच खराब आहे की काय, हे कळायला मार्ग उरत नाही.

एका मुलाची नळी मात्र अडून बसली. चौकशी केली तेव्हा खिशातून आवळे निघाले. आंबट तोंडाने दिलेली लाळ. त्याला चूळ भरायला लावली आणि दहा मिनिटांनी पुन्हा लाळ घेतली. मग त्याचीही नळी इतरांसारखीच चालली. हा न ठरवता झालेला प्रयोग मला सगळ्यात आवडला.

३ डिसेंबर, मंगळवार

कांद्याची साल आणि सॅफ्रानिन हा लाल रंग. सोपा म्हणून मी निष्काळजी राहिलो. पंचवीसपैकी नऊ वह्यांत काळ्या जाड कडांची छान गोल वर्तुळं निघाली आणि खाली लिहिलं 'पेशी'. ते हवेचे बुडबुडे. कव्हरस्लिप, म्हणजे वर झाकायची पातळ काच, सपाट टाकली की बुडबुडे अडकतात. एक कड आधी टेकवून सुईच्या आधाराने हळू खाली सोडायची. बुडबुडा ओळखायची खूण म्हणजे त्याची कड काळीभोर आणि आत काहीच नाही. पेशी विटांसारख्या एकीला एक लागून असतात आणि आत लालसर ठिपका, म्हणजे केंद्रक, दिसतं.

साल पापुद्र्याच्या आतल्या, खोलगट बाजूची घ्या. बाहेरची निघताना फाटते.

५ ते ८ डिसेंबर

परासरणासाठी, म्हणजे पातळ पडद्यातून पाणी आत-बाहेर कसं जातं ते बघायला, अंडी. पण ५ला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, आणि मुख्याध्यापक सर म्हणाले, "आज अंडी नकोत हो शाळेत." म्हणून शुक्रवारी व्हिनेगरमध्ये टाकली. शनिवारी टरफल विरघळून नुसती रबरी अंडी. एक रात्रभर पाण्यात, एक साखरेच्या पाकात. पाण्यातलं टम्म फुगलं, पाकातलं खारकेसारखं सुरकुतलं. चूक एवढीच की व्हिनेगरमधून काढल्यावर वजनच केलं नाही. अंडं व्हिनेगरमध्येही पाणी पितं, त्यामुळे टरफलासकटचं आधीचं वजन तुलनेला कुचकामी. पुन्हा करायला वेळ नव्हता. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ३८० रुपये, तो पुढे कामाला आला.

याच आठवड्यात बाटली क्रमांक १चं झाकण रात्री उडालं. चिखल छतापर्यंत. आत वायू साठतो, त्याला बाहेर पडायला वाट हवी. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, दोन दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या. झाकण सैलच हवं.

१५ डिसेंबर, रविवार

खाडीवरची सहल वाया. मी मूळचा घाटावरचा. सतरा वर्षं इथे राहूनही भरती-ओहोटी अंगात भिनलेली नाही. रविवार मोकळा म्हणून अकराला बावीस मुलं घेऊन कांदळवनात गेलो, तर तिवरांच्या कमरेपर्यंत पाणी. एक मुलगी, जिचे वडील मासेमारी करतात, शांतपणे म्हणाली, "मामा, आज पुनव ना? आता भरतीच असणार."

तिने हिशोब शिकवला तो लिहून ठेवतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या तासाला साधारण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, गुणिले पाऊण, सव्वाअकरा. आम्ही बरोबर त्याच वेळी उभे होतो! ओहोटी त्याच्या सहा तास पुढे-मागे. दर दिवशी वेळ पाऊण तासाने सरकते. हा हिशोब आमच्या किनाऱ्यापुरता, आणि खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरायचा.

२२ डिसेंबर, रविवार

वद्य सप्तमी. सात पाऊण सव्वापाच, म्हणजे ओहोटी साडेअकराच्या सुमारास. भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस असल्याने पाणी उधाणाच्या ओहोटीइतकं मागे गेलं नाही, पण आमच्या कामाला पुरलं. उधाणाची ओहोटी सकाळी सहाच्या आसपास किंवा संध्याकाळी येते, त्या वेळी मुलं आणणं कठीण.

पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट बनवली (पाइप आणि चार एल्बो, १९० रुपये). तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर येतात. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून झाड मुळांनी वरची हवा घेतं. पहिल्या चौकटीत २१२, दुसरीत १८७, पाण्याकडच्या तिसरीत ९४.

खेकड्यांच्या बिळांनी घोळ घातला. दोन गटांनी एकच चौकट मोजली, एकाचा आकडा ३१, दुसऱ्याचा ५२. मोजलेलं बीळ पुन्हा मोजलं जात होतं. तेव्हा एका मुलाने शेजारच्या वाडीतून झाडूच्या हिरांची जुडी आणली. मोजलं की बिळाशेजारी हीर खोचायचा, शेवटी हीर मोजायचे. दोन्ही गटांचे ३८ आले. जाताना हीर गोळा केले. कांदळवनातलं काहीही तोडायचं नाही, हे मुलांना निघतानाच सांगितलं होतं. आपल्या राज्याने २०२०मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला, हे बाईंनी तिथे उभं राहून सांगितलं, पण आमच्या तुकड्यात चिप्पी एकही नव्हती. सगळं तिवर.

तिवराच्या पानाला जीभ लावायला सगळ्यांना सांगितलं. खारट. हे झाड मुळांतून शिरलेलं जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. वर्गात परासरण शिकताना ज्यांनी जांभया दिल्या होत्या, त्यातल्याच एकाने विचारलं, "मग अंड्यासारखं हे झाड सुकत कसं नाही?" बाईंनी तिथेच, चिखलात पाय रुतलेले असताना, दहा मिनिटं उत्तर दिलं.

निवट्या, म्हणजे चिखलावरचे छोटे मासे, उड्या मारत होत्या. पोरांचं अर्धं लक्ष त्यांच्याकडेच. मीही मोजणी सोडून दोनदा बघत बसलो.

चप्पल दोन हरवल्या. पुढच्या वेळी बुटांना दोरी.

६ ते १८ जानेवारी २०२५

पेशी विभाजन. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून सविस्तर.

डिसेंबरात कांद्यांचा दुसरा प्रयत्न केला होता. तोही सडला, कारण अर्धा कांदा पाण्यात बुडवला होता. बुडाची चकती पाण्याला जेमतेम टेकली पाहिजे. तोपर्यंत कांद्यांवर माझा रागच बसला होता. बाई म्हणाल्या, लसूण घ्या. लसणाच्याही पेशीत कांद्यासारखीच १६ गुणसूत्रं. पाकळ्या काड्यापेटीच्या काड्यांवर टेकवून ग्लासांवर ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पांढरी, दोन-तीन सेंटिमीटरची मुळं. दहापैकी नऊ पाकळ्या फुटल्या. इथेच आधी का नाही आलो?

टोकं सकाळी कापली. पेशी आहे त्या अवस्थेत थांबवणारं ॲसिटिक अल्कोहोल शाळेत नव्हतं, ओळखीच्या एका कॉलेजातल्या माझ्यासारख्याच सहाय्यकाने छोटी बाटली दिली. त्यात एक दिवस. मग एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, ६० अंशांवर, पेशी एकमेकींपासून सुटाव्यात म्हणून. संहत आम्ल एक भाग आणि पाणी अकरा भाग, आणि नेहमी पाण्यात आम्ल, उलट कधीच नाही. हे काम मुलांना दिलं नाही. शेवटी ॲसिटोकार्मिनचा रंग.

पहिला घाणा: आम्लात आठ मिनिटं ठेवायची टोकं मी चहाला गेलो म्हणून पंचवीस मिनिटं राहिली. चिमट्याने उचलताच लगदा.

दुसरा: वेळ बरोबर, रंग सुंदर, पण लांबट, शांत, एकसारख्या पेशी. विभाजन एकही नाही. तीन स्लाइड, तीच कथा. बाईंनी मुळाचा कापलेला तुकडा बघितला. मी चांगला सेंटिमीटरभर कापला होता आणि स्लाइडवर वरचा भाग घेतला होता. विभाजन होतं ते टोकाच्या एक-दोन मिलिमीटरांत. त्याच्यावरच्या पेशी नुसत्या लांब होतात, वाटल्या जात नाहीत. रंग दिल्यावर टोक जास्त गडद दिसतं, तेवढंच ब्लेडने कापून घ्यायचं, बाकी फेकायचं. तांदळाच्या कणीएवढंसुद्धा नसतं ते.

तिसरा: टोक बरोबर घेतलं, कव्हरस्लिपवर टीपकागद ठेवून अंगठ्याने दाबलं आणि दाबताना अंगठा सरकला. पेशी गुंडाळल्या गेल्या, वर काच फुटली. अंगठा सरळ खाली दाबायचा, जरासुद्धा घासायचा नाही. त्याआधी सुईच्या मागच्या टोकाने काचेवर हळूच ठोकलं की पेशी पसरतात.

१८ तारखेला, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, बाई, मी आणि चार मुलं थांबलो होतो. चौथा घाणा. दहा एक्सवर गडद ठिपक्यांची गर्दी. नव्या ४५ एक्सवर फिरवलं. एका पेशीत मध्यभागी लाल धाग्यांची आडवी ओळ. तिच्या खाली उजवीकडे दुसरीत धाग्यांचे दोन पुंजके, एकमेकांपासून दूर निघालेले, टोकं मागे ओढल्यासारखी वाकलेली. मधे काहीच नाही. आठवीतली मुलगी बराच वेळ डोळा लावून बसली आणि मग म्हणाली, "हलत का नाहीत?" ॲसिटिक अल्कोहोलने त्या क्षणी थांबवलेत, असं सांगितलं. २०० पेशी मोजल्या, १४ विभाजनात होत्या. सोळा गुणसूत्रं एकाही पेशीत नीट मोजता आली नाहीत.

कार्मिन हा रंग कोचिनील नावाच्या किड्यापासून काढतात, हे कळल्यावर पोरांनी स्लाइडपेक्षा बाटलीच जास्त निरखली.

२१ जानेवारी, मंगळवार

डीएनए काढणं. याचे तीन प्रयत्न डिसेंबरपासून मधूनमधून चालू होते. पहिल्यात अल्कोहोलच्या जागी हँड सॅनिटायझरचं जेल वापरलं. काहीच नाही, जेलचे गोळे. दुसऱ्यात केळं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल (अर्धा लिटर ३२० रुपये). अल्कोहोल न थंड करता, वरून जोरात ओतलं. सगळं ढवळलं जाऊन गढूळ.

आज स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरची पेटी या दिवसांत रत्नागिरीत येते, १०० रुपयांची छोटी घेतली. बागेतल्या स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, म्हणजे माल भरपूर. चार फळं प्लास्टिकच्या पिशवीत चुरगाळली. त्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड, चिमूटभर मीठ, पाणी. फेस होऊ द्यायचा नाही. सुती कापडातून गाळलं. अल्कोहोल रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेलं. नळी तिरकी धरून कडेने सोडलं, दोन थर वेगळे राहिले. मिनिटाभरात मधल्या सीमेवर पांढरे, बुडबुडे अडकलेले धागे वर येऊ लागले. उदबत्तीच्या काडीवर गुंडाळले तर शेंबडासारखे लोंबतात. उपमा मुलांची.

"पण हे डीएनएच कशावरून?" नववीतल्या एकाने विचारलं. बाईंनी प्रश्न टाळला नाही. त्या गोळ्यात डीएनएबरोबर आरएनए, प्रथिनं आणि फळातलं पेक्टिनही असतं. केळ्याचा गोळा म्हणूनच नेहमी फसवा मोठा दिसतो. शुद्ध करायला जे लागतं ते आमच्याकडे नाही. म्हणून नळीवरच्या चिठ्ठीवर आम्ही लिहिलं: 'डीएनए, आणि सोबत बरंच काही'. मग बाईंनी फ्रेडरिक मीशरची गोष्ट सांगितली. १८६९मध्ये ट्युबिंगेनला त्याने दवाखान्यातल्या बँडेजवरच्या पुवातून हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला. वर्गात एकसुरात "ईऽऽ".

२८ जानेवारी, मंगळवार

आग. पानातला स्टार्च बघण्यासाठी आधी हरितद्रव्य स्पिरिटमध्ये काढावं लागतं. मला घाई होती, म्हणून स्पिरिटचं चंचुपात्र थेट गॅसवर ठेवलं. वाफेने पेट घेतला. मुलं बाहेर होती, आणि ओलं गोणपाट जवळ होतं ते टाकलं. टेबलाच्या सनमायकाला हातभर फोड आले, माझ्या भुवया थोड्या भाजल्या. पूर्ण माझी चूक. मी बावीस वर्षं हे काम करतो आणि मुलांना दर जूनमध्ये हाच नियम वाचून दाखवतो.

आता पद्धत अशी: किटलीत पाणी उकळायचं, गॅस बंद करून शेगडी दुसऱ्या खोलीत न्यायची, मग उकळत्या पाण्याच्या भांड्यात स्पिरिटची परीक्षानळी उभी करायची. पान फिकं व्हायला वेळ लागतो, लागू दे. पान आधी दोन दिवस अंधारात ठेवलेल्या रोपाचं असलं पाहिजे, नाहीतर जुना स्टार्च आजच्या उन्हाच्या नावावर जमा होतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पालकांना दाखवायचं आजच ठरवलं. विज्ञान दिन २८ला, पण दहावीची परीक्षा २१पासून आणि शाळेत केंद्र आहे. एकेक टेबल एकेका गटाकडे दिलं. पेजेच्या टेबलावर सगळ्यात गर्दी, कारण आयांना थुंकीची गंमत वाटली. लसणाची स्लाइड सुकली होती, तिच्या जागी मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. स्लाइड जास्त दिवस टिकवायची असेल तर कडांना नेलपॉलिश लावायला हवी होती, ते राहिलं.

बाटली क्रमांक २, कपाटातली, वरपासून खालपर्यंत काळी. उजेड नाही, म्हणून रंग नाही. काळा रंग लोखंडाच्या सल्फाइडचा. क्रमांक ३मध्ये मात्र सगळं दिसलं: बुडाला काळं, त्यावर हिरवे चट्टे, त्यावर बोटभर जांभळा-लाल पट्टा, मग गंजासारखा तपकिरी, आणि पाण्याच्या काठाशी हिरवा साय-थर. हिरव्या गंधक-जिवाणूंना सल्फाइड जास्त चालतो, म्हणून ते खाली. जांभळ्यांना कमी लागतो, म्हणून ते वर. कुणी कुठे राहायचं हे त्यांनी वायूच्या मापाने ठरवलं. त्या मच्छीमाराच्या मुलीने बाटली फिरवून फिरवून बघितली आणि विचारलं, "मग आमच्या खाडीत पण आत असंच आहे?" चिखलात टाच रुतली की काळं निघतं ते हेच, असं सांगितलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उद्यापासून परीक्षा, म्हणून प्रयोगशाळा रिकामी केली. हिशोब बाईंच्या वहीत लावला: नवं भिंग ६५०, काटा ३८०, अल्कोहोल ३२०, पाइप १९०, स्लाइड आणि कव्हरस्लिप २४०, रंग ३००, किरकोळ (अंडी, लसूण, स्ट्रॉबेरी, व्हिनेगर, पोव्हिडोन, बॅटऱ्या) ६१५. एकूण २६९५ रुपये. त्यातले ६५० माझ्या उघडाउघडीचे. टेबलाचा सनमायका यात धरलेला नाही, तो सरांना अजून सांगायचा आहे.

बाटली क्रमांक ३ टाकवेना. घरी मागच्या पडवीत, उत्तरेच्या बाजूला ठेवली आहे. झाकण सैल. जांभळा पट्टा शनिवारपासून अर्धा बोट वर सरकला आहे. वास येतो, पण बायको म्हणते सुकटीपेक्षा बरा.